नव्या गंजातले मासे

दहावीत मी गणितात नापास झाले आणि त्याच महिन्यात आमच्या हौदात मासे आले. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नव्हता, पण मला ते दिवस आठवले की या दोन गोष्टी हात धरूनच येतात. निकालाच्या दिवशी मी घरी आले ती मागच्या खोलीत जाऊन बसले, आणि पुढचे कितीतरी दिवस तिथून मळ्यापर्यंत आणि मळ्यातून तिथपर्यंत, एवढंच माझं जाणं-येणं उरलं. पाहुणे आले की मी चुलीपाशी, मैत्रिणी आल्या की वांग्याच्या वाफ्यात. कोणी हाक मारली तरी 'ओ' म्हणायला तोंड उघडत नव्हतं. ऑक्टोबरला पुन्हा बसता येतं, फॉर्म भरायला फक्त शाळेत जाऊन यायचं, असं बाबांनी तीनदा सांगितलं. पण शाळेत जायचं म्हणजे त्या फाटकातून, त्या शिपायासमोरून, त्या फळ्याजवळून. मी नुसती मान हलवायचे.

आमचं घर वाशीम संपतं तिथं, मळ्यातच होतं. पहाटे मोटार सुरू झाली की तिच्या घरघरीनं जाग यायची, मग पाटातलं पाणी वाफ्यावाफ्यात फिरल्याचा आवाज, मग मायचा. मेथीच्या, पालकाच्या जुड्या बांधता बांधता ती बाबांशी, बैलाशी, शेजारच्या मळ्यातल्या बाईशी, सगळ्यांशी एकाच पट्टीत बोलायची. ती बाजारात भाजी विकायला बसायची आणि तिची हाक दोन गल्ल्या पलीकडे ऐकू जायची. "अवं भेंडी पाह्य, कवळी लुसलुशीत!" अशी सुरुवात झाली की पुढं जाणारी बाई मागं फिरायची. बाजारातून ती आली की ज्वारीची भाकर, कांद्याची पात आणि लाल मिरचीचा ठेचा, किंवा रविवार असला तर बेसनाच्या पातोडीचा रस्सा. त्या रस्स्याचा वास आला की आमचे बाबा, जे एरवी फार बोलत नसत, ते हौदावर हात धुता धुता गुणगुणायला लागत. या अशा खणखणीत आवाजाच्या बाईच्या पोटी माझ्यासारखी मुकी पोरगी कशी जन्मली, हा त्या काळी आमच्या घरातला नेहमीचा विषय होता.

तर मासे. हिवताप खात्याचा कर्मचारी सायकलवर एक झाकणाचा डबा बांधून आला आणि आमच्या हौदात वाकून पाहत म्हणाला, "डासाच्या अळ्या झाल्या यात. गप्पी मासे सोडतो." त्यानं डबा तिरपा केला आणि वीस-पंचवीस बारीक जीव पाण्यात सांडले. बाबा जवळच उभे होते. म्हणाले, "खायाचे नाहीत, इकायचे नाहीत, मंग पाळता कायले?" तो हसून निघून गेला. मी मात्र तिथून हलले नाही. संध्याकाळी ऊन तिरपं पडलं आणि मला दिसलं की त्यातल्या काहींच्या शेपटीवर नारिंगी ठिपका आहे, एकाच्या अंगावर निळी रेघ आहे, आणि ते ठिपकेवाले, रेघवाले सगळे नर आपल्या साध्या मातकट माद्यांभोवती शेपट्या फुलवून नाचतात. मला हसू आलं. निकालानंतर पहिल्यांदा.

दुसऱ्या दिवशी मी लोणच्याची रिकामी बरणी घासून धुतली, तीत हौदाचं पाणी भरलं आणि तीन मासे काढून खिडकीत ठेवले. वरून पाहिलेला मासा आणि काचेतून बाजूनं पाहिलेला मासा या दोन वेगळ्याच वस्तू आहेत, हे ज्यानं पाहिलंय त्यालाच कळेल. त्याचे कल्ले हलताना दिसतात, डोळा फिरताना दिसतो, ऊन आलं की पोटातलंसुद्धा दिसतं. मी तासन् तास बसायचे. एके सकाळी त्या बरणीत तिनाचे पंधरा झाले होते. हौदातून अंडी तर मी आणली नव्हती! मग मी डोळ्यांत तेल घालून पाहत राहिले आणि महिनाभरानं माझ्या डोळ्यांदेखत एका मादीनं एक एक जिवंत पिल्लू टाकलं. ते वेटोळं होऊन बाहेर पडायचं, क्षणात सरळ व्हायचं आणि आईपासून लांब पळायचं. कारण आईच वळून त्याला गिळायला बघायची. हे सगळं मी कोणत्याही पुस्तकात वाचलं नव्हतं. आज माझी नात मोबाइलवर बोट फिरवते आणि तिला अॅमेझॉनच्या नदीतला मासा काय खातो तेही कळतं. मला तेव्हा विचारायला कोणी नव्हतं. नुसते डोळे होते. ते पुरले.

बरणी पुरेना, तेव्हा मी मायला म्हटलं, मला काचेची पेटी पाहिजे. त्या दिवसांत मी स्वतःहून काही मागितलं हेच तिला इतकं नवल वाटलं की ती भाजीचं टोपलं तसंच टाकून मला घेऊन तसबिरी मढवणाऱ्या चाचांकडे गेली. चाचांनी उभ्या जन्मात देवांचे, आजोबांचे आणि लग्नाचे फोटोच मढवले होते. पण त्यांनी नाही म्हटलं नाही. डोक्यावरची टोपी मागं सारली आणि म्हणाले, "बेटी, फोटोची काच येगळी, पान्याची येगळी. पानी लय जिद्दी राह्यते. पन करू." लोखंडी पट्ट्यांची चौकट जोडली, काचा बसवल्या, फटींत लांबीचा लगदा भरला. पहिल्यांदा पाणी भरलं ते दुपारपर्यंत सगळं जमिनीवर आणि तिथून ज्वारीच्या पोत्यात. दुसऱ्यांदा एका कोपऱ्यातून थेंब. चाचा तिसऱ्यांदा आपल्या पायांनी मळ्यात आले, पेटीसमोर मांडी घालून बसले, आणि चहा थंड झाला तरी उठले नाहीत. तासभर थेंब पडला नाही तेव्हा त्यांनी काचेवर टिचकी मारली. "हार गया पानी!" मी टाळ्या पिटल्या. बाबा दारातून पाहत होते. त्यांनी भिजलेलं पोतं वाळवायला काढलं.

पेटीत मी नदीची वाळू सात वेळा धुऊन घातली, हौदातलं हिरवं शेवाळ लावलं, गप्पी सोडले. पण आता माझी भूक वाढली होती. चाचांनी सांगितलं होतं की अकोल्याला एक दुकान आहे, तिथं लाल, निळे, काळे, पट्ट्यापट्ट्यांचे मासे मिळतात, आणि सगळे एकाच पेटीत भांडण न करता नांदतात. त्या रात्रीपासून मला दुसरं काही सुचेना. बियाणं आणायला मायला अकोल्याला जायचंच होतं. भाद्रपद सरत आला होता, ऊन कडक पडत होतं. एका सकाळी आम्ही दोघी पहिल्या गाडीनं निघालो.

ते दुकान मी अजून डोळे मिटून पाहू शकते. बाहेर रस्त्यावर धूळ, ट्रकचे भोंगे, आणि पडदा सारून आत गेलं की अंधारात तीन भिंतींना काचेच्या पेट्या, प्रत्येकीत दिवा, प्रत्येकीत बुडबुड्यांची दोरी. माझे पाय दारातच थांबले. एका पेटीत बोटाच्या पेराएवढे पन्नासेक मासे एकदम वळले आणि त्यांच्या अंगावर निळी रेघ अशी पेटली की मी मायचा हात घट्ट धरला. "हे निऑन," दुकानदार म्हणाले. जाड चष्म्याचे, धोतर नेसलेले वयस्कर गृहस्थ होते. माय वाकून म्हणाली, "बाप्पा बाप्पा! मिरचीच्या बियाएवढे त हायेत, अन् चमकून काय राह्यले!" मी काही विचारत नव्हते, नुसती बोट दाखवत होते, आणि ते काका मला न विचारता सगळं समजावत गेले. निऑन एकटा ठेवू नये, कळपानं ठेवावा. नव्या पाण्यात मासा एकदम टाकू नये. पिशवी आधी तरंगत ठेवावी, मग थोडं थोडं पाणी मिसळावं, नाहीतर धक्क्यानं मरतो. पाण्याला वारा लागला पाहिजे. खायला चिमूटभरच. मी प्रत्येक शब्द टिपून घेत होते. आठ निऑन घेतले, पट्ट्यांचे सहा झेब्रा, चार लालभडक प्लॅटी, आणि तळाचा कचरा खाणारे दोन मिशीवाले, ज्यांना काका झाडूवाले म्हणत. त्यांनी तीन पिशव्यांत थोडं पाणी आणि नळकांड्यातला प्राणवायू भरून रबरानं तोंडं आवळली. टम्म फुगलेल्या त्या पिशव्या आम्ही मायच्या भाजीच्या टोपल्यात, ओल्या पोत्यावर ठेवल्या. गाडीत बसल्यावर मी टोपलं मांडीवर घेतलं आणि वरचं फडकं दर दोन मिनिटांनी उचलून पाहत राहिले.

मायला गाडी लागायची. बाजार गाजवणारी ही बाई गाडीत बसली की मऊ पडायची. पदराच्या टोकात लिंबू, डोळे मिटलेले, तोंडातून चकार शब्द नाही. पातूर सोडून घाटाची वळणं सुरू झाली आणि तिनं खिडकीतून मान बाहेर काढली ती काढलीच. त्याच वेळी पुढून काहीतरी फट्‌दिशी वाजलं, वाफ उसळली आणि गाडी रस्त्याच्या कडेला लागली. पंख्याचा पट्टा तुटला होता. कंडक्टर एका ट्रकला हात दाखवून नवा पट्टा आणायला पातूरला परत गेला. ड्रायव्हर म्हणाला, "दोन-तीन घंटे त लागतेतच. सावलीत बसा." माणसं कुरकुरत उतरली. मी मायला धरून पळसाखाली नेलं, तिला दोनदा उलटी झाली, तोंड धुवायला पाणी दिलं. ती पदर डोळ्यांवर घेऊन आडवी झाली आणि हातानंच मला, तू जा, अशी खूण केली.

मी टोपल्याकडे गेले आणि फडकं उचललं, तर पोतं नको तेवढं ओलं होतं. झाडूवाल्यांच्या परांना काटे असतात. त्यातल्या एकानं पिशवीला भोक पाडलं होतं आणि तिच्यात राहिलं होतं ते जेमतेम ओंजळभर पाणी. त्याच पिशवीत प्लॅटीही होत्या, एकीवर एक आडव्या. निऑनच्या पिशवीला मी हात लावला, ती अंघोळीच्या पाण्यासारखी कोमट. आठही मासे वर येऊन तोंडं उघडझाप करत होते आणि त्यांच्या रेघेतला निळा रंग विझत चालला होता. मी मायकडे पाहिलं. ती पडून होती. मी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. चाळीस-पंचेचाळीस अनोळखी माणसं. कोणी बिडी ओढतंय, कोणी शिदोरी सोडतंय. भांडं हवं होतं, पाणी हवं होतं, आणि ते मागायला तोंड हवं होतं.

जवळच एक जोडपं बसलं होतं. गळ्यात तुळशीची माळ, समोर नव्या भांड्यांचं गाठोडं. दिवाळीनंतर मुलीचं लग्न, त्याची खरेदी करून निघालेले. सगळ्यात वर स्टीलचा मोठा गंज होता, आम्ही भात-वरण ज्यात शिजवतो तसा, पण पंगतीच्या मापाचा आणि असा कोरा की त्यात आभाळ दिसत होतं. मी त्या बाईंसमोर जाऊन उभी राहिले. आवाज निघाला तो मलाच ऐकू आला नाही.

"काय म्हन्ते वं पोरी?"

"काकू... गंज द्या ना थो. जराक वेळ. मासे मरून राह्यले."

बाई मागं सरकल्या. "मासे? माळकरी हावो आमी! पोरीच्या लग्नाचा गंज व्हय थो. त्यात मासे?"

"खायाचे नाहीत काकू. पाह्याचे हायेत." आणि पुढं काही सुचेना म्हणून मी ती पिशवीच त्यांच्या डोळ्यांपुढं उन्हात धरली. निऑन विझत आले होते, तरी उन्हात त्यांची रेघ एकदा चमकली. बाई पाहत राहिल्या. मग नवऱ्याकडे वळल्या. तो डोक्याला रुमाल बांधून बसला होता, म्हणाला, "जीव वाचून राह्यला त दे. इठोबा काय नाही म्हनते?"

गंज पळसाच्या सावलीत आला. मी तिन्ही पिशव्यांतलं पाणी आणि मासे हळूच त्यात सोडले. पाणी तळाशी चार बोटंच. तोवर माणसं जमली होती. एक म्हातारेबुवा काठी टेकत आले, दोन कॉलेजची पोरं, एक बाई कडेवर लेकरू घेऊन. जरा खाली हापशी होती, त्या पोरांनी उत्साहानं पळत जाऊन आपली पाण्याची कॅन भरून आणली आणि त्यातला एक ती गंजात उपडी करायला वाकला. हापशीचं पाणी, बर्फासारखं थंड. मला दुकानदार काकांचे शब्द आठवले, आणि त्या क्षणी माझ्या घशातून जे निघालं ते मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

"टाकू नोको! थांब!"

घाटात ते घुमलं. तो पोरगा कॅन तशीच धरून खिळला. कडुलिंबाच्या झाडाखाली पत्ते खेळणारे उठून उभे राहिले. मी स्वतःच दचकले. कारण तो आवाज अगदी मायचा होता, बाजारातला. पण आता तो निघाला होता आणि मला परत आत घालता येत नव्हता, आणि खरं सांगायचं तर घालायचाही नव्हता. "एकदम थंड टाकलं त मरतेत थे! कॅन उन्हात ठेव. कोनापाशी पेला हाय काय? एक एक पेला टाकायचा, सावकाश. कोनाचा पंचा असंन त ओला करून गंजाले गुंडाया. अन् तुमी बाबाजी, बिडी तिकडे!"

म्हातारेबुवांनी बिडी विझवली. पंचा आला, एक नाही, चार. पितळेचा पेला आला. मी मनगटानं पाणी पाहायचे, पेलाभर घालायचे, थांबायचे, मासे पाहायचे. पाणी वाढलं, पण निऑन अजून वरच होते. वारा हवा होता, आणि इथं बुडबुड्यांची दोरी कुठून आणणार? मी पेला भरून उंच धरला आणि वरून धार सोडली. पाणी फेसाळलं. पुन्हा भरला, पुन्हा सोडला. "असं करत राहा लागते," मी म्हटलं, "थांबाचं नाही." माझा हात भरून आला तेव्हा कॉलेजच्या पोरानं पेला घेतला. मग लेकरूवाली बाई, मग ड्रायव्हर. मी म्हटलं, प्रत्येकानं पन्नास धारा. बस! रांगच लागली. लहान मुलं मोठ्यानं मोजायला लागली, "सत्तेचायीस! अठ्ठेचायीस!" आणि मोठी माणसंही त्यांच्यात सूर मिळवायला लागली. रस्त्यानं जाणारा दूधवाला मोटारसायकल थांबवून विचारत होता, काय झालं, कोणाले काय झालं? कोणीतरी ओरडलं, "मासे बेमार हायेत!" तोही उतरून रांगेत उभा राहिला.

अर्ध्या तासानं निऑन खाली गेले. एकेक करून. मग कळप करून फिरायला लागले आणि त्यांची रेघ पुन्हा पेटली. त्या नव्या स्टीलच्या तळावर ती दुप्पट दिसत होती, एकदा माशावर आणि एकदा गंजात. म्हातारेबुवा हळूच म्हणाले, "बाप्पा, ऐंशी वर्सं जगलो, असं पाह्यलं नाही." आठांतले दोन मात्र आडवे झाले ते उठले नाहीत, एक झेब्राही गेला. मी ते ओंजळीत घेतले तेव्हा डोळे भरून आले, पण रडायला सवड नव्हती, कारण गंजवाल्या काकू गंजावर ओणव्या होऊन ओरडत होत्या, "अवं पोरी, हे बारके बारके काय व्हय वं? किडे पडले काय माह्या गंजात?"

मी पाहिलं. काठाकाठानं, मोहरीएवढे, दोन काळे डोळे आणि जरा शेपूट. सात, आठ. आणि त्यातल्या सगळ्यात गुबगुबीत लाल प्लॅटीनं माझ्यादेखत अंग आखडलं आणि एक नारिंगी वेटोळं सुटलं, सरळ झालं, पळालं.

"बाळंत झाली!" मी किंचाळलेच. "काकू, तुमच्या गंजात बाळंत झाली!"

एकच गलका उडाला. कॉलेजचा पोरगा म्हणाला, मासे अंडी देतात, पिल्लं कशी होतील? आणि मी, जिला फळ्यासमोर उभं केलं की घाम फुटायचा, त्या चाळीस माणसांना हात हलवून हलवून सांगत होते की सगळेच मासे अंडी देत नाहीत, हे गप्पीसारखे आहेत, पोटातच अंडी फुटतात, धक्का बसला की लवकर बाळंत होतात, आणि आता ही आईच पिल्लं गिळेल, तेव्हा आधी पिल्लं वेगळी काढा. "सोताचीच?" लेकरूवाली बाई आपलं मूल घट्ट धरून म्हणाली. "व्हय. आता कप द्या कोनीतरी, चहाचा!" मी म्हटलं. ड्रायव्हरनं आपल्या डब्याचं झाकण आणि कप दोन्ही दिले. पिल्लं पाण्याच्या वरच्या थरात काठाशी थांबतात, हे मला बरणीनं शिकवलं होतं. मी कप तिरपा करून एकेक टिपत गेले आणि मुलं मोजत गेली. एकोणीस. गंजवाल्या काकूंनी हळदीकुंकवाची पुडी सोडली आणि गंजाच्या कडेला बाहेरून बोट टेकवलं. म्हणाल्या, "पयल्या बाळंतपनानं वापरात आला. पोरीले शकुन झाला." त्यांचा नवरा हसत होता, आणि त्या डोळे पुसत होत्या.

मी एकदा मायकडे पाहिलं. पदर जरा सरकल्यासारखा वाटला. मग नीट पाहिलं तर डोळे मिटलेलेच होते.

कंडक्टर पट्टा घेऊन आला तेव्हा त्याला कोणी विचारलंच नाही. त्यालाच गर्दीत घुसून विचारावं लागलं की हे काय आहे. गाडी सुरू झाली. गंज पुढच्या बाकावर माझ्या मांडीवर, वर ओला पंचा, दोन्ही बाजूंना गंज धरायला दोन माणसं. वळण आलं की कंडक्टर ड्रायव्हरला सांगायचा, "सावकाश घे भाऊ, गाडीत बाळंतीण हाय!" आणि अख्खी गाडी हसायची. मेडशीला चढलेल्या माणसांना आधीच्या माणसांनी सगळं सांगितलं, मालेगावला चढलेल्यांना मेडशीच्या माणसांनी, आणि दर वेळी पिल्लं वाढत गेली; वाशीम जवळ आलं तेव्हा ती पन्नास झाली होती. गंजवाले दोघं मालेगावला उतरले. मी गंज रिकामा करून द्यायला उठले तर काकूंनी माझे हात धरून मला खाली बसवलं. "बाळंतिनीले हालवत असतेत काय? घेऊन जाय. अन् लग्नाले गंज घेऊन ये. माय-बापाले बी आन." गावाचं नाव, नवऱ्याचं नाव त्यांनी माझ्याकडून दोनदा पाठ करून घेतलं. आम्ही गेलो त्या लग्नाला. तो गंज घासूनपुसून, त्यात साडीचोळी ठेवून नेला, आणि नवरीनं आपण होऊन मला विचारलं, "मासेवाली पोरगी तूच काय?"

घरी पोचलो तेव्हा सूर्य मळ्याच्या बांधावर टेकला होता. बाबांनी गंज दोन्ही हातांनी उतरवून घेतला. पेटीचं पाणी पेल्यापेल्यानं गंजात मिसळायला मी त्यांना शिकवलं आणि ते शाळकरी पोरासारखे करत राहिले. मासे पेटीत गेले. पट्ट्यांचे झेब्रा वरून सुसाट, लाल प्लॅटी मधून, निळे सहा निऑन शेवाळाच्या सावलीत, झाडूवाले वाळू उकरत, आणि आमचे साधे गप्पी या नव्या पाहुण्यांकडे बघत. पिल्लं लोणच्याच्या बरणीत. बाबांनी बाजेवरची उशी आणून पेटीसमोर टाकली आणि तिथंच जेवले. आजही माझ्या घरात चार फुटांची पेटी आहे, आपोआप चालणारा दिवा आहे, पाणी गाळणारं यंत्र आहे. पण नवे मासे सोडताना मी पिशवी उन्हात धरून एकदा पाहते आणि मग पेल्यापेल्यानंच पाणी मिसळते.

तिसऱ्या दिवशी मी वेणी घातली, चांगला ड्रेस घातला आणि शाळेत गेले. फाटकातून, शिपायासमोरून. खिडकीतल्या कारकुनानं मान वर न करता विचारलं, काय पाहिजे, तर मी म्हटलं, ऑक्टोबरचा फॉर्म. आणि त्यानं मान वर केली, कारण मी जरा जोरातच बोलले होते. उशिराच्या दंडासकट फॉर्म भरून, पावती मुठीत धरून मी थेट बाजाराकडे निघाले, मायला सांगायला. तिच्या दुकानामागं पत्ताकोबीची पोती रचली होती. तिथवर गेले आणि तिचा आवाज ऐकला. शेजारी लिंबू-मिरची विकणारी बायजाबाई बसायची, तिला माय घाटातली गोष्ट सांगत होती. माझा आवाज काढून सांगत होती. "टाकू नोको! थांब!" आणि दोघी हसत होत्या.

"अन् तू काय करत व्हती वं तवा?" बायजाबाईनं विचारलं. "तू त झोपेल व्हती म्हन्ते, मंग तुले एवढं कसं ठावं?"

"झोपते कायची," माय म्हणाली. तिनं मेथीच्या जुडीवर पाणी शिंपडलं. "मले त कवाचंच बरं वाटलं व्हतं. उठत व्हती मी. तेवढ्यात थे वरडली. अवं, माहं काळीज हाललं. सोतालेच म्हतलं, आता उठू नोको कमले. तू उठली का तूच बोलशीन, अन् थे पुन्हा चुप बसन."

"मंग?"

"मंग काय, पडून राह्यली. दोन घंटे. मुंग्या चढल्या वं अंगावर, लाल मुंग्या. मानेत शिरल्या, चोळीत शिरल्या. पन हालली नाही."

मी पोत्यांमागून पुढं गेले नाही. पावती मुठीत तशीच धरून अख्ख्या बाजाराला एक फेरी मारली, तोंड धुतलं, आणि मग समोरून आले.